कवा माघारी?

गाडी लावायला आलेल्या मानसाला त्यो आदी हेच इचारायचा. मानूस हेल्मेट काडतोय न काडतोय तवर ह्यो काठी आडवी धरून म्होरं हुबा. "कवा माघारी?"

ज्येला सांगता आलं त्यो आत. ज्येला सांगता आलं न्हाई त्यो भाईर. मंग त्यो सायब असू दे न्हाईतर सायबाचा बाप.

एकदा एक पोरगा आला. काळी, रेड्यावानी मोटारसायकल, कानात बोळं घातल्यालं. म्हनला, "अंकल, क्या पता. डिपेंड करता है."

ह्यानं माज्याकडं तोंड केलं. "काय म्हनतोय, वैनी?"

"ठावं न्हाई म्हनतोय."

"मंग त्येला म्हनावं घरी जा, बायकूला इचारून ये."

"शादी नहीं हुई, अंकल."

"मंग आयला फोन लाव."

मागं धा गाड्या तटल्या. वर मेट्रो येऊन हुबी राहिल्याली. पोरानं कपाळाला हात लावला. "सात बजे. साडेसात, बस?"

"दिवेलागनीला," ह्यो म्हनला आन काठी उचलली. "मदली रांग."

आमचं गाव पुन्याच्या कडंला, चांद्याच्या शेजारी. मेट्रो हितं येऊन सपती, म्होरं रूळच न्हाईत. म्हनून माल्याकडनं, पौडाकडनं, आजूबाजूच्या समद्या गावांतनं लोकं गाडीवर येत्यात, गाडी हितं ठिवत्यात आन जिना चडून पुन्याला जात्यात. ठेसन लई देखनं हाय. पर गाडी ठिवायची जागा थोडी, ती सकाळच्या च्याच्या आत भरायची. मंग लोकं रस्त्याच्या कडंला लावायची. दुपारी उचलायची गाडी यायची आन घिऊन जायाची. एक पोरगी एकदा माज्या वट्यावर बसून रडली. बँकेत नवीन लागली व्हती. गाडी उचलून नेल्याली, घरी जायाला साधन न्हाई, आन पोटुशी. म्या तिला पानी दिलं. ती गेल्याव माजी नजर माज्याच खळ्याव गेली. मोकळं पडल्यालं. त्यात दोन कुत्री झोपल्याली.

खळं म्हंजी सा गुंठं. बैलांनी तुडवून तुडवून तव्यावानी झाल्याली जमीन. माज्या नावाव आता तेवडंच हाय. म्या पाटीवर खडूनं लिवून घेतलं, गाडी लावा म्हनून. लोकं आली. पर आठ दिसांत डोस्कं फुटायची येळ आली. जो येईल त्यो दारातच लावून पळायचा. मागच्याला निगायचं असलं की म्होरची वीस हालवायची, त्येंचं हांडल कुलपात. शिव्या, ढकलाढकली. एकानं दुसऱ्याच्या गाडीला लाथ घातली, समद्या एकावर एक पडल्या, पत्त्यावानी.

आन त्याच दिवशी त्यो आला.

कोन त्यो, ते सांगाया मला लई मागं जाया लागंल.

त्यो नीरंकडचा मेंढका. दर साली दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकनाकडं उतरायचा, जाताना आमच्या शिवारात थांबायचा. रातची मेंढरं रानात कोंडायची, लेंड्या पडत्यात, रान खतावतंय. त्येच्या बदल्यात शेतकऱ्यानं दानं द्यायचं. आमी त्येला पाव्हनं म्हनायचो. त्येचं नाव म्या कदी इचारलं न्हाई, त्यानं माजं इचारलं न्हाई. मालक असताना त्यो मला वैनी म्हनायचा, मालक गेल्यावबी वैनीच म्हनायचा.

मालक कावीळ होऊन गेलं तवा लेक अंगाव पीत व्हती. दिरानं वाटनी केली. चांगली भाताची खाचरं त्येनं घेतली, मला माळाचं रान आन हे खळं. माळाव कुसळसुदीक धड येत नव्हतं. त्या साली पाव्हनं आलं. दीर त्येला म्हनला, "तिच्या रानात बसवू नगंस. तिच्यापशी द्यायला काय हाय? माज्यात पंधरा दिस बस."

त्यानं मेंढरं माज्या माळाव नेली.

मी गेले, म्हनलं, "पाव्हनं, माज्यापशी पायलीभर दानं न्हाईत."

"म्या मागितलं का?"

"मंग?"

"मेंढराला चडाचं रान लागतंय. वल्यात खूर सडत्यात."

दिवाळीनंतर रान कुटं वलं असतंय? मला ते कळलं. आठ दिस मेंढरं माज्यात बसली, मी त्येला भाकरी नेऊन देत व्हते. त्या पावसाळ्यात माळाव नाचनी आली, गुडघ्याच्या वर. लेकीला आन मला ती वरीसभर पुरली. दिरानं मातर त्येला फुडं कदी आपल्या रानात पाय ठिवू दिला न्हाई. खाचरांतलं बसनं आन दानं सुटलं पाव्हन्याचं. त्यानं ते मला एकदाबी बोलून दाखिवलं न्हाई. माज्या माळाव मातर येतच ऱ्हायला, कोकरं पोटाशी धरून, साल दर साल.

फुडं ते माळरान रस्त्यात गेलं. लेक माल्याला दिली. दीर गेला, त्येच्या पोरानं समदी खाचरं इकून बंगला बांधला. दिवाळी झाली की मी कान दिऊन बसायचे, मेंढरांचा आवाज येतोय का. त्या साली आवाज आला न्हाई. मानूस आला. खांद्याव घोंगडं, हातात काठी, पाठीला वाघरीचं भेंडोळं. वाघर म्हंजी मेंढरं कोंडायचं जाळं.

"मेंढरं कुटं, पाव्हनं?"

"इकली. जितनं जायाचो तितं समदं कंपौंड झालंय, वैनी."

"मंग मोकळं चालत आलाव व्हय येवडं?"

"पायाला सवं हाय."

आन तवाच खळ्यात ती पडल्याल्या गाड्यांची बोंब चालल्याली. त्यो वट्याव बसून बराच येळ ऐकत बसला. मंग म्हनला, "कोंडलंय कुनी हे असलं?"

दुसऱ्या दिवशी उजडायला बगते तर खळ्याच्या चारी कडंला वाघर लावल्याली, तोंड फकस्त रस्त्याकडं. आत राखंनं तीन रेघा वडल्याल्या. तोंडाशी उन्हं कलायच्या आत येनारी. मदी दिवेलागनीची. मागं, कुंपनाला लागून, जेवान टळल्याव येनारी.

"मेंढरं अशीच कोंडायची," त्यो म्हनला. "लेकुरवाळी तोंडाशी. तिला आदी सुटायचं असतंय. भाकड मागं."

म्हनून बाईमानूस आलं की त्येचा आनखी एक सवाल असायचा. "घरी लेकरू हाय का?" हाय म्हनली की तोंडाशी, कवाबी येऊ दे. आता असलं तोंडावर इचारलेलं समद्यांला रुचतंय थोडंच! एक चष्मेवाली बाई फनकारली, "तुम्हाला काय करायचंय?" त्यो म्हनला, "मला काय करायचं न्हाई. लेकराला करायचंय." तिनं गाडी तोंडाशी लावली. संध्याकाळी पयली सुटली तिचीच गाडी.

चिठ्ठी न्हाई, नंबर न्हाई. त्येला अक्षर येत नव्हतं आन लागतबी नव्हतं. हांडलचं कुलूप घालायचं न्हाई, गिअर काडून ठिवायचा, हे त्येचं फर्मान. मानूस गेला की त्यो गाडीच्या आरशाव हात फिरवायचा, शिटाव, मागल्या चाकाच्या टपाव, आन नाव ठिवून मोकळा व्हायाचा. भुरी. लंगडी, तिचा स्टँड वाकडा व्हता. कानतुटकी, तिला एकच आरसा. संध्याकाळी सुटाबुटातला मानूस जिना उतरून आला की ह्यो लांबनं वरडायचा, "ये, तुजी लंगडी तयार हाय!" जिन्यावरची लोकं हसायची. त्यो मानूस लाजून अर्धा व्हायाचा. पर महिन्याभरानं त्योच मला म्हनत आला, "आजी, माजी लंगडी कुठाय?"

त्येच्या सांगन्यात लोकं राहू लागली, हे मला लई नवल. दिवेलागनीला म्हनल्यालं मानूस उशिरा आलं तर मान खाली घालून यायचं. "मीटिंग होती, बाबा." ह्यो म्हनायचा, "मला काय सांगतुयास? गाडीला सांग. ती वाट बगत व्हती."

त्या बँकेतल्या पोरीची गाडी उन्हात ऱ्हायची तवा शिटाव आपलं घोंगडं टाकून ठिवायचा. "तापल्यालं तिला बसायला नगं." तेच घोंगडं त्यो रातचं पांघरायचा.

चारचाकीला मातर जागा न्हाई. "मेंढरांत हत्ती कोंडत न्हाईत." माजा पुतन्या एकदा गाडी घिऊन आला, ती मोठी पांढरी.

"काठी बाजूला घे, म्हाताऱ्या. काकीची जागा हाय."

"कवा माघारी?"

"माज्या मर्जीनं."

"मंग मर्जी रस्त्याव लाव."

पुतन्या रागानं लाल. त्येचं येनं उगं नव्हतं. त्येच्या वळकीचा कोन ठेकेदार व्हता, त्येला हे खळं पाहिजे व्हतं. पावतीचं मशीन लावनार, शेड घालनार. पुतन्या म्हनायचा, "काकी, घरात बसून भाडं मिळंल तुला. एक सही कर." सही केली की खळं हातचं गेलं, येवडं मला कळतंय. बापानं खाचरं नेली, ल्योक खळं न्याया आल्याला. म्या म्हनलं, "पाव्हनं हाय तवर न्हाई."

"आन त्यो गेल्यावर?"

"हाय तवर न्हाई, येवडं ऐक."

हे म्या पुतन्याला बोलले आन पाव्हन्यानं ते ऐकलं. तवापास्नं त्यो जास्तीच ताठ हुबा ऱ्हायाला लागला.

मंग ती रंगाची भानगड झाली.

एका सकाळी म्या लेकीकडं माल्याला गेलते. संध्याकाळच्या येष्टीनं आले तर खळ्याभवती ही गर्दी, आरडाओरडा. बगते तर समद्या गाड्यांच्या मागल्या टपाव लाल पट्टा. मेंढराच्या पाठीवर लावत्यात ना वळखीला, तेलात कालवल्याला रंग, तसला. हाताच्या पंज्यायेवडा. कुनाला जाड, कुनाला दोन, कुनाला आडवा.

काळ्या गाडीचं पोरगं अंगठ्यानं रंग घासत व्हतं. "नई गाडी है मेरी! पागल हो गये हो?"

दुसरा म्हनला, "अहो बाबा, ही काय मेंढी आहे का?"

पुतन्याला कुनी तरी फोन केल्याला. त्यो आलाच. "बगितलंस, काकी? येडा झालाय ह्यो. उद्या एकाची गाडी दुसऱ्याला दिली म्हंजी? लोकं तुला धरतील."

पाव्हनं मदी हुबं. काठी धरून. मला ते बगवंना. म्या पदराला खोबऱ्याचं तेल लावलं आन एकेक गाडी पुसाया बसले. "पुसून देते, बाबांनो. जरा दम धरा." काहींचं निगालं, काहींचं न्हाई. काळ्या गाडीवाला थांबलाच न्हाई, गेला त्यो गेला, परत आला न्हाई. बँकेतली पोरगी मातर म्हनली, "आजी, माझं राहू द्या. काही बिघडत नाही."

समदी गेल्याव मी त्येच्या म्होरं बसले. "असं का केलंत, पाव्हनं? तुमास्नी तर नुसता हात लावला तरी कळतंय कुनाची कुठली."

त्यो काठीचं टोक मातीत फिरवत बसला.

"बोला की."

"हात लावूनच कळतंय, वैनी," त्यो म्हनला. "डोळ्यानं न्हाई."

मला आदी उमगलंच न्हाई.

"मेंढरं इकायच्या आदीपास्नंच. नुसता धूर दिसतोय. लाल तेवडं जरा दिसतंय, म्हनून लाल लावला."

मंग मला समदं एकेक आटवलं. आरशावर फिरनारा हात. माज्याकडं तोंड करून 'काय म्हनतोय' इचारनं. मानूस जिन्याव असतानाच त्येला हाक मारायचा, ते पायांच्या आवाजावनं. आन नीरंपास्नं आमच्यापतूर त्यो त्या धुरातनं चालत आल्याला, नुसत्या पायाच्या सवंनं.

"मला सांगायचं न्हाई?"

"सांगितलं असतं तर राखनीला ठिवलं असतंस?"

राखनदाराला दिसत न्हाई म्हनल्याव कोन गाडी ठिवनार? आन पुतन्या तर टपल्यालाच.

दुसऱ्या दिवशी म्या त्येला पौडच्या दवाखान्यात नेलं. डाक्टरीनबाईनं बत्ती मारून बगितलं. एक डोळा गेल्याला हाय म्हनली. दुसऱ्याचं आपरेशन पुन्याला मोठ्या दवाखान्यात करून बगता येईल, पर खातरी न्हाई, आन लई उशीर केलाय म्हनली. त्यो येष्टीत माज्या शेजारी बसून म्हनला, "धूर तर धूर. अजून थोडं दिस धकंल."

थोडं दिस धकलं. मी त्येच्या संगं हुबी ऱ्हायाचे. मानूस आला की हळूच सांगायचे, "चष्मेवाली, तोंडाशी." "नवीन हाय, पिवळी गाडी." त्यो तसाच काठी आडवी धरून इचारायचा. कुनाला पत्ता लागला न्हाई. पर पावसाळ्याच्या तोंडाला त्यो रस्त्याकडनं येनाऱ्या टेंपोच्या म्होरं गेला. थोडक्यात वाचला. मंग म्याच त्येच्या पोराला निरोप धाडला. ह्ये म्या केलं, ते मला लागतंय अजून. पर दुसरं काय करनार व्हते?

पोरगा आला. चांगला हाय. "बा, आदी पुन्याला डोळा दावू, मंग गावाकडं जाऊ."

पाव्हन्यानं त्या सकाळीबी समद्या गाड्या लावून घेतल्या. तीन रांगा भरल्या. पोरगा जिन्यापशी वाट बगत हुबा. येवडी मानसं त्या जिन्यानं वर धाडली, पर ह्यो सोता कदी चडला नव्हता. घोंगडं खांद्याव घेतलं आन वाघरीच्या तोंडाशी आला. मी तितंच हुबी व्हते. काय बोलावं मला सुदरंना, तर तोंडातनं तेच निगालं.

"कवा माघारी, पाव्हनं?"

त्यो थांबला.

ठावं न्हाई म्हननाऱ्याला त्येनं कदी आत घेतलं नव्हतं. आन लबाड बोलायची त्येला सवं नव्हती, ते एक खूर सडायचं सोडलं तर. पोरानं हाक मारली, "बा, मेट्रो आली."

मंग त्यो माघारी वळला. आरशांना हात लावत लावत तोंडाची रांग वलांडली. मदली वलांडली. मागली रांग, जेवान टळल्याव येनाऱ्यांची, त्येच्या पार टोकाला कुंपनापशी गेला. तितं हातानं चाचपून मोकळी जागा बगितली आन काठी रवली. चांगली दाबून रवली. हालवून बगितली.

"काठीबिगर कसं जानार?" म्या म्हनलं.

"पोरगा हाय की."

आन गेला. पोराच्या खांद्याव हात ठिवून, एकेक पायरी.

डोळ्याचं काय झालं, ते पोरानं फोनवर सांगितलं. लई उशीर झाल्याला, उजेड काय यायचा न्हाई, म्हनला. बा गावाकडं हाय, भाकरी खातोय, बसून असतोय.

आता मीच हुबी ऱ्हाते. त्येच्यावानी आवाज न्हाई माजा, पर इचारायला काय आवाज लागतोय? घोंगडं न्हाई म्हनून तापल्या शिटाव माजं जुनं लुगडं टाकते. बँकेतल्या पोरीला ल्योक झाला, ती आता तोंडाच्या रांगंत असती. तिच्या गाडीवरचा लाल पट्टा अजून हाय, निम्मा गेल्याला.

पुतन्या परवा आला. आता नरमाईनं बोलतोय. "काकी, हाय तवर न्हाई म्हनली व्हतीस. म्हातारा तर गेला. आता तरी दे सही."

म्या त्येला मागल्या रांगंत नेलं, कुंपनापतूर. गाड्या कडंला ठिवून मदी वीतभर जागा मोकळी, आन त्यात ती काठी.

"गेला न्हाई," म्या म्हनलं. "उशिरा येनाऱ्यांत हाय."